राखेवर पोसलेलं थोतांड

इंग्लंडात ऑक्टोबर उजाडला की दोन गोष्टी हमखास दिसतात. दुकानांच्या दारात भोपळे, आणि पडद्यावर आपोआप पेटलेली माणसं. दाराला आतून कडी, खुर्चीत राखेचा ढीग, ढिगाच्या टोकाला सपातेसकट शाबूत पाऊल, शेजारचं टेबल जसंच्या तसं. मग खर्जातल्या आवाजाचा निवेदक विचारतो, हे घडलं तरी कसं? आणि विज्ञानाकडे उत्तर नाही, असं स्वतःच सांगून मोकळा होतो.

उत्तर आहे. मी ज्या लीड्स शहरात राहतो, तिथल्या विद्यापीठातल्या डॉक्टराने ते १९६५ सालीच छापून ठेवलं आहे. पण ते कुणाला नको आहे. कारण त्यात भूत नाही, गूढ ऊर्जा नाही, विश्वाचं रहस्य नाही. त्यात एक म्हातारं माणूस आहे, एक ठिणगी आहे, आणि बरेच तास तिकडे कुणीही न फिरकणं आहे.

या थोतांडाचं ब्रिटिश कुलदैवत म्हणजे ग्रेस पेट. इप्सविचच्या मासेविक्रेत्याची बायको, वय साठीच्या आसपास. रात्री निजानीज झाली की अर्ध्यामुर्ध्या कपड्यांत खाली यायचं आणि चुलीपाशी बसून पाइप ओढायचा, ही तिची जुनी सवय. एप्रिल १७४४ मधली ती रात्र. एक मुलगी जिब्राल्टरहून परतली होती, त्या आनंदात जिन भरपूर झाली होती. बाई खाली उतरली ती परत वर गेलीच नाही. सकाळी दुसऱ्या मुलीने पाहिलं, तर आई चुलीपुढच्या फरशीवर आडवी, आणि धडाच्या जागी पांढऱ्या राखेने झाकलेले निखारे. ज्योत नाही, नुसती धग. पोरीने पाणी ओतलं तेव्हा असा काही धूर आणि दुर्गंध उठला, की धावत आलेले शेजारी घुसमटले. एका बाजूला लहान मुलाचे कपडे, दुसऱ्या बाजूला कागदी पडदा. दोन्हींना आच लागलेली नाही. चुलीत विस्तवही नव्हता.

रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये ही हकीकत आली आणि तेव्हापासून प्रत्येक गूढवाला ती चघळतो आहे. कपडे आणि पडदा मात्र तो तुम्हाला आवर्जून दाखवतो. त्याच हकीकतीतली मेणबत्तीदाणी दाखवत नाही. ती बाईच्या अगदी जवळ होती, आणि तिच्यातली मेणबत्ती तळापर्यंत जळून गेली होती. म्हणजे पाइप आहे, मेणबत्ती आहे, अंगावर कापड आहे, पोटात जिन आहे आणि सकाळपर्यंतचा वेळ आहे. आणखी काय हवं? आगीने स्वतः येऊन जबानी द्यायची?

त्याच्या तेरा वर्षं आधीचं इटलीतल्या चेझेनाच्या काउंटेसचं प्रकरण घ्या. तिथेही जमिनीवर राखेने माखलेला दिवा सापडला होता, त्यातलं तेल संपलेलं. बाईसाहेबांना कापूर घातलेल्या स्पिरिटने अंग चोळून घ्यायची सवय होती. तरी म्हणे आग पोटातून आली. फ्रान्समध्ये पिएर-एमे लेअर याने १८०० साली अशा प्रकरणांची जंत्री केली. बळी बहुतेक बायका, उतारवयाच्या, दारूच्या आहारी गेलेल्या. आणि जवळपास कुठे ना कुठे विस्तव. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. जवळ विस्तव आहे असं दिसत असताना जो माणूस पेटण्याचं कारण बाईच्या जठरात शोधतो, त्याला विज्ञान नको असतं. त्याला कीर्तन हवं असतं.

आणि कीर्तन रंगलंही. दारूने भिजलेला देह आतून पेटतो, ही समजूत त्या काळच्या डॉक्टरांना आणि दारूबंदीवाल्यांना फारच सोयीची होती. बाई, म्हातारी, जाडी आणि दारुडी. एवढे ‘अपराध’ एका देहात गोळा झाल्यावर तिला जाळण्याचं काम देवाने स्वतःकडे घेतलं तर त्यात नवल ते काय! आता साधा हिशेब करा. रक्तात अर्धा टक्का दारू झाली तर माणूस बहुधा दगावतो. अर्ध्या टक्क्याचं मद्य काडी लावून पेटवून दाखवा, मी लेखणी खाली ठेवतो. देहात निम्म्याहून जास्त पाणी आहे, ते वेगळंच.

चार्ल्स डिकन्स या फंदात पडला याचं मला आजही वाईट वाटतं. ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने निघत असताना डिसेंबर १८५२ च्या हप्त्यात त्याने क्रुक नावाच्या भंगारवाल्याला आपोआप जाळून टाकलं. काजळी, पिवळट चिकट तेल, कोपऱ्यात उरलेला कोळसा, वर्णन असं की जेवण जाऊ नये. जॉर्ज हेन्री लुईस या समीक्षकाने ‘द लीडर’ नियतकालिकात सुनावलं, की बाबा रे, हे अशक्य आहे, तुझ्या नावावर लोक यावर विश्वास ठेवतील. डिकन्सने काय करावं? पुढच्या हप्त्यात शास्त्रज्ञांची टर उडवली, आणि १८५३ च्या प्रस्तावनेत तीसेक जुन्या प्रकरणांचा दाखला देऊन हट्ट धरला. कादंबरीकाराला प्रतीक म्हणून हवं ते जाळायची मुभा आहे. पण प्रस्तावनेत उभा राहून तो पुराव्याची भाषा बोलू लागला, की त्याला पुराव्यानेच मोजायला हवं. गंमत म्हणजे याच डिकन्सने १८४३ साली ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या टेबलावर ब्रँडी ओतून पेटवलेलं पुडिंग आणलं होतं. इथे अजून डिसेंबरात घरोघरी तो प्रयोग होतो. निळी ज्योत उठते, ब्रँडी जळून जाते, पुडिंग शाबूत राहतं आणि पोरं ते खातात. ते पुडिंग एवढं रंगवून लिहिणाऱ्या माणसाला क्रुकला जाळताना ते आठवू नये!

जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने नेमकं हेच सांगितलं होतं. दारूत भिजवलेलं मांस पेटवलं तर दारू जळते, मांस उरतं. शरीररचनेचे नमुने वर्षानुवर्षं कडक अल्कोहोलात बुडवून ठेवतात, ते काही बरण्यांतून भडकत नाहीत. लीबिगला हे सांगावं लागलं ते एका खटल्यामुळे. १८४७ मध्ये डार्मस्टाटला गोर्लिट्झची काउंटेस जळालेली सापडली, आणि डॉक्टरांनी खुशाल मत दिलं की बाई आपोआप पेटली. पुढे प्रकरण उकरून निघालं. नोकराने तिला मारून आग लावली होती. त्याला शिक्षा झाली, मग त्याने कबुलीही दिली. म्हणजे हे निरुपद्रवी गूढ एका खुन्याला जवळजवळ सोडवून बसलं होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढे आपल्या घरापर्यंत यायचं आहे.

आता लीड्स. डेव्हिड गी हा इथला न्यायवैद्यक तज्ज्ञ. त्याच्यापुढे अशाच जळालेल्या वृद्धेचा देह आला. त्याने हात जोडून ‘अगम्य’ म्हटलं नाही. तो प्रयोगशाळेत गेला. मानवी चरबी मुशीत तापवली, तर ती सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत गेल्याशिवाय पेटत नाही. पण त्याच चरबीत भिजलेली कापडाची वात एकदा पेटली, की चरबी २४ अंशांपर्यंत निवाली तरी वात जळत राहते. सगळं मर्म या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे. मग त्याने काचेच्या नळीभोवती चरबीचा थर दिला, त्यावर कातडी, त्यावर कापडाचे वेढे, अशी वीतभर गुंडाळी केली. एका टोकाला बर्नर धरला. गुंडाळीने पेट घेतला आणि पिवळट, धुरकट ज्योत सावकाश पुढे सरकत गेली. सबंध गुंडाळी संपायला तासभर लागला.

एका वितेला एक तास. हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं. माणूस हृदयाच्या झटक्याने, पक्षाघाताने, दारूने किंवा झोपेच्या गोळीने निपचित पडतो. हातातली सिगारेट, निखारा, मेणबत्ती कपड्यावर पडते. कातडी तडकते, खालची चरबी वितळून कपड्यात, खुर्चीच्या गादीत, सतरंजीत मुरते, आणि कापडाची वात तयार होते. ज्योत बुटकी असते, म्हणून दोन हातांवरचा कागदी पडदा वाचतो. धग वर जाते, म्हणून छतावर आणि दिव्यांवर तेलकट काजळी बसते, वरची प्लास्टिकची वस्तू वितळते आणि खालचं जमिनीवरचं तसंच राहतं. चरबी धडात आणि मांड्यांत. पिंढरीखाली वातीला इंधनच नाही. म्हणून पावलं उरतात. ज्या शाबूत पावलाच्या फोटोवर पुस्तकं खपतात, त्या पावलात गूढ एवढंच, की तिथे चरबी कमी असते.

इथे गूढवाला आपला हुकमी पत्ता टाकतो. ‘अहो, दाहिनीत आठशे-हजार अंशांवरही हाडं उरतात, ती नंतर यंत्रात दळावी लागतात. मग बैठकीच्या खोलीत हाडांची राख कशी होईल?’ दाहिनीला घाई असते महाराज. दीडेक तासात एक देह आटपून पुढचा घ्यायचा असतो. वातीला घाई नसते. बीबीसीच्या ‘क्यूईडी’ कार्यक्रमासाठी १९९८ मध्ये जॉन डीहान या अमेरिकन अग्नितज्ज्ञाने मेलेलं डुक्कर घोंगडीत गुंडाळलं, सजवलेल्या खोलीत ठेवलं, थोडं पेट्रोल शिंपडून पेटवलं आणि वाट पाहिली. पेट्रोल केव्हाच संपलं. डुक्कर पाच तासांहून जास्त वेळ स्वतःच्या चरबीवर जळत राहिलं. शेवटी हाडं बोटांनी चुरडता येत होती, आणि खोली बऱ्यापैकी धड होती. पुढे २००२ मध्ये छापलेल्या प्रयोगांतून हेही दिसलं की वयोमानाने ठिसूळ झालेलं हाड निरोगी हाडापेक्षा लवकर विरतं. बळींत म्हाताऱ्या बायका जास्त का, त्याचं एक कारण इथे आहे. जिनच्या पेल्यात नाही. ज्यांना डुकरावर भरवसा नाही त्यांनी ऑरेगॉनमधल्या मेडफर्डचं १९९१ मधलं प्रकरण वाचावं. खून करून, बार्बेक्यू पेटवायचं द्रव टाकून रानात जाळलेल्या बाईचा देह कित्येक तासांनी सापडला, तेव्हाही तो जळत होता. मधला भाग हाडांसकट गेलेला. खुनी पकडला गेला आणि त्याने कबूल केलं. तिथे मात्र कुणी अतींद्रिय शक्ती आणली नाही, कारण कुणी केलं ते माहीत होतं.

एवढं झाल्यावर तरी दुकान बंद व्हावं? १९८० मध्ये वेल्समधल्या एबू व्हेलला एक वृद्ध गृहस्थ असे जळाले. घटनास्थळी गेलेले पोलीस अधिकारी जॉन हेमर यांना ते दृश्य इतकं झोंबलं की पुढे त्यांनी गूढाच्या बाजूने पुस्तकच लिहिलं. त्या खोलीतही कोळशाची शेगडी होती. हेमर यांच्या प्रामाणिकपणावर माझा आक्षेप नाही. भीषण दृश्य पाहून माणूस हलतो. पण हलणं हा पुरावा नव्हे. अमेरिकेतल्या लॅरी अरनॉल्ड यांनी तर ‘पायरोट्रॉन’ नावाचा नवा सूक्ष्मकणच काढला, जो देहात शिरून पेशी पेटवतो. भौतिकशास्त्रात तो कण कुठेही नाही, पण पुस्तकाच्या दुकानात आहे. आयर्लंडमध्ये गॉलवेच्या कॉरोनरांनी, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, सप्टेंबर २०११ मध्ये शहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांच्या मृत्यूचं कारण चक्क ‘आपोआप ज्वलन’ असं नोंदवलं. देह शेगडीजवळ होता, पण शेगडीतून आग आली नाही असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. ठीक, मग ‘कारण समजलं नाही’ असं लिहायचं. तेवढा नम्रपणा कायद्यात बसतो. कारण समजलं नाही म्हणून जे कारणच नाही ते लिहायचं, हा कुठला न्याय? ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ती बातमी आठवडाभर तिखटमीठ लावून वाढली. ब्रायन फोर्ड या जीवशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये निराळी टूम काढली: उपाशी किंवा आजारी देहात ॲसिटोन तयार होतं, ते भडकत असावं. त्याने ॲसिटोनमध्ये मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या बाहुल्या जाळून दाखवल्या. मुरवण उत्तम. पण एवढं ॲसिटोन रक्तात साठेपर्यंत माणूस जिवंत राहील कसा, हे सांगायचं राहिलं; आणि शेवटी ठिणगी बाहेरूनच लागली.

खरोखर आपोआप पेटणाऱ्या वस्तू जगात आहेत, म्हणून तर हा घोळ टिकतो. ओलसर गवताची गंजी आतून तापते, कोळशाचे ढीग धुमसतात, जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर पेट घेऊ शकतं. या सगळ्यांत उष्णता तयार होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. जिवंत देह रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकत असतो. ताप १०४ वर गेला की आपण मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, अग्निशमन दलाला फोन करत नाही.

आता आपल्याकडे वळतो. इथल्या मराठी मंडळींत एक मासला मला वारंवार भेटतो. गावाकडच्या भानामतीला हसणारा, अंधश्रद्धेवर दोन तास बोलणारा हा गृहस्थ इंग्लंडातल्या या भानामतीपुढे मात्र गंभीर होतो. ‘नाही हो, यात काहीतरी आहे, बीबीसीवर दाखवलं होतं.’ बीबीसीवर डुक्कर दाखवलं होतं, काका! दुसरा मासला त्याहून भारी. त्याला लगेच दक्षाच्या यज्ञातली सती आणि योगाग्नी आठवतो, ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजलेले मांडे आठवतात, आणि ‘आपल्याकडे हे आधीच माहीत होतं’ हा निकाल तयार. कथा कथेच्या जागी गोड आहेत. त्यांना शवविच्छेदनाच्या टेबलावर आणू नका.

मराठवाड्यात, विदर्भात दांडीवरचे कपडे पेटणं, पेटीतल्या साड्या जळणं, हे प्रकार अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं तपासले. त्यांची रीत साधी: आग लागली त्या वेळी घरात कोण होतं, कोण कुठे होतं, कुणाचं घरात काय बिनसलं आहे. उत्तर घरातच सापडतं, आणि बऱ्याचदा ते एखाद्या गांजलेल्या पोरीपाशी जाऊन थांबतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भानामती नाव घेऊन आली आहे ती उगाच नव्हे. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या विळुप्पुरम जिल्ह्यातलं तान्हं बाळ ‘आपोआप पेटतं’ म्हणून आपल्या वाहिन्यांनी दिवसभर दाखवलं. चेन्नईत तपासण्या झाल्या. बाळात पेटण्यासारखं काही सापडलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये त्याच घरातलं दुसरं तान्हं भाजलेल्या पायांनी रुग्णालयात आलं. बाळाला कुणी भाजलं का, हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांनीच विचारला. वाहिन्या तोवर दुसऱ्या चमत्काराकडे गेल्या होत्या.

आणि स्टोव्ह? सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर दोन ओळींची बातमी यायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मृत्युमुखी. सासूच्या हातात तो स्टोव्ह कधी भडकत नसे, नणदेच्या हातातही नसे. सुनेच्या हातात आला की त्याला चेव यायचा. पंच, पोलीस, शेजारी सगळे मान डोलवायचे. बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, दंडविधानात १९८३ मध्ये कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये कलम ३०४-ब आलं, आणि लग्नानंतर सात वर्षांत जळून मेलेल्या बाईबद्दल कायदा विचारू लागला की घरात तिचा छळ होत होता का. स्टोव्हची ती खोड मग आपसूक कमी झाली म्हणतात. गोर्लिट्झची काउंटेस आणि आपल्याकडच्या त्या सुना एकाच रांगेत उभ्या आहेत. आगीला कर्ता नाही असं एकदा मान्य केलं, की कर्त्याची सोय होते.

ब्रिटनमध्ये कर्ता बहुतेक वेळा खुनी नसतो. तो म्हणजे वेळ असतो, आणि वेळेला गुन्हेगार ठरवता येत नाही. वात पाच तास, आठ तास जळायची तर तेवढा वेळ दार वाजता कामा नये. भरल्या घरात वात जळत नाही. दहाव्या मिनिटाला कुणीतरी पाणी ओततं. ग्रेस पेटचं घर भरलेलं होतं हे खरं, पण सगळे वर झोपलेले होते. आताच्या घरांत वर झोपायलाही कुणी नसतं. अशा मृत्यूवर ‘अगम्य’चा शिक्का मारला की पोरांना, शेजाऱ्यांना, नगरपालिकेच्या देखभाल खात्याला, सगळ्यांनाच हायसं वाटतं. मालिका काढणाऱ्याला तर पैसेही मिळतात.

ज्या आगीकडे बघायला हवं ती औषधाच्या कपाटात आहे. कोरड्या त्वचेला, इसबाला लावायची मलमं रोज अंगावर लागतात आणि कपड्यांत, चादरीत मुरतात. वाळलेलं मलम असलेलं कापड साध्या कापडापेक्षा लवकर आणि जोरात पेटतं, आणि धुतलं तरी ते पुरतं निघत नाही. आधी समज होता की फक्त पॅराफिन जास्त असलेली मलमं घातक. डिसेंबर २०१८ मध्ये एमएचआरए या इथल्या औषध नियामक संस्थेने सांगितलं, पॅराफिन नसलेल्या मलमांबाबतही तोच धोका आहे, वेष्टनांवर इशारा छापा. मलमाने आग वाढवल्याचा संशय असलेल्या पन्नासच्या वर घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक जीवघेण्या. अंथरुणाला खिळलेला, मलम लावणारा, सिगारेट ओढणारा, एकटा. पुन्हा तीच वात, फक्त या खेपेला इंधन दवाखान्यातून येतं. यावर किती मालिका निघाल्या? ऑक्टोबरात कुणी दाखवतं का?

माझ्या गल्लीत एक म्हातारबुवा आहेत. त्यांच्या ड्रेसिंग गाउनच्या मांडीवर आणि खुर्चीच्या हातावर तपकिरी काठांची भोकं आहेत. खिडकीत मलमाचा पांढरा डबा, शेजारी तंबाखूची पुडी. अग्निशमन दलाची माणसं इथे फुकटात घर तपासून जातात. त्यांना बोलावण्यासाठी मी बुवांच्या बरेच दिवस मागे लागलो होतो. शेवटी एक तरुणी आली. तिने धूर ओळखणारा भोंगा बसवला, गाउन हातात घेऊन भोकांवर बोट फिरवलं, डब्यावरचा इशारा वाचून दाखवला आणि फॉर्म भरायला बसली. सिगारेट किती? पेला किती? झोपेची गोळी? म्हातारबुवांनी सगळ्याची खरी उत्तरं दिली, थोडी बढाई मारतच. मग तिने विचारलं, तुमच्याकडे नेमाने कोण येतं?

‘कचऱ्याची गाडी,’ ते म्हणाले. ‘एक गुरुवार सोडून.’